कुमारवय आणि देवावरील भरवसा

आपल्या संस्थेच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत संस्थेची हकीकत, हितचिंतकांचे संदेश, देणगीदारांची नामावली आणि जमाखर्चाचा गोषवारा ही सर्व येतीलच, आणि ती यावीत हे योग्यच आहे. परंतु ज्या मुलामुलींच्या फीसाठी, पुस्तकांसाठी आणि राहण्याच्या खर्चासाठी हा निधी वर्षानुवर्षे जमत आला, ती मुले आज कोणत्या विवंचनेत आहेत आणि त्या विवंचनेत देवावरील विश्वास त्यांच्या कितपत कामी येतो, याचाही विचार या निमित्ताने व्हावा, असे आम्हांस वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच. लेख मुलांनी वाचावा ही इच्छा आहे. पण आईबापांनी आणि आजीआजोबांनी तो त्यांच्याही आधी वाचावा, ही विनंती आहे.

मुलांना आपण सर्वांत अधिक वेळा देत असलेला उपदेश कोणता, असे कोणी विचारले, तर ‘देवावर भरवसा ठेव’ हाच, असे उत्तर द्यावे लागेल. पेपर अवघड गेला, भरवसा ठेव. वडिलांची नोकरी सुटली, भरवसा ठेव. मैत्रिणीने बोलणे टाकले, भरवसा ठेव. उपदेश खरा आहे, शास्त्राला धरून आहे. पण भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. पुष्कळदा तर, खरे बोलायचे तर, आपल्याला उत्तर सुचत नाही किंवा ऐकायला सवड नसते, म्हणून हे वाक्य पुढे केले जाते. पंधरा वर्षांच्या मुलाला ते ताबडतोब कळते. तो मान हलवतो आणि पुन्हा आपल्याकडे येत नाही. या दोन शब्दांचा अर्थ उलगडून सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

येथील परिस्थिती

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. अठराव्या शतकात त्यांच्याबरोबर मराठी कुटुंबे नर्मदा ओलांडून माळव्यात आली आणि येथलीच होऊन राहिली. १९४८ साली संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, १९५६ साली आजचे मध्यप्रदेश राज्य झाले. पुढे देवासला कारखाने निघाले, नोटांची सरकारी छपाई सुरू झाली, आणि नोकरीधंद्यासाठी आणखी माणसे आली. या मराठी समाजात ख्रिस्ती घरे थोडी. आणि ख्रिस्ती समाजात मराठी घरे त्याहून थोडी. आपली मुले अशा रीतीने दुहेरी अल्पसंख्य आहेत. शाळेत हिंदी, पुस्तकात इंग्रजी, देवळातील उपासना बहुधा हिंदीत, आणि रात्रीची कुटुंबप्रार्थना आजीच्या मराठीत, असा त्यांचा दिवस जातो. नाताळात महाराष्ट्रातले नातलग त्यांच्या मराठीला हसतात आणि येथले सोबती त्यांच्या हिंदीतील मराठी हेल ओळखतात. मोठ्यांना ही गंमत वाटते. चौदाव्या वर्षी ती बोचते.

त्यातच अभ्यासाची ओढाताण. देवासहून इंदूर सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटर, धारहून साठ-पासष्ट. शिकवणीसाठी मुले पहाटे उठून बस धरतात आणि दिवेलागणीनंतर परततात. काही मुले इंदुरातच खोली घेऊन राहतात. शिकवणीच्या परीक्षा नेमक्या रविवारी असतात आणि उपासना चुकते. फीचा आकडा मुलाला ठाऊक असतो. आईने दागिना मोडला असेल तर तेही ठाऊक असते. हाती फोन आहे, आणि त्यात दुसऱ्यांची सुंदर घरे, सुंदर चेहरे आणि मोठे गुण दिवसरात्र दिसत राहतात. वर्गात चाळीस-पन्नास मुलांत आपण एकटेच ख्रिस्ती असलो, तर कोणी सहज विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर देताना जीभ अडखळते. यांतली एकही अडचण इतिहासात नोंद होण्याजोगी नाही. पण ज्याला रोज तिच्याशी सामना करावा लागतो, त्याला ती डोंगराएवढी असते.

ही गोष्ट हलक्याने घेण्यासारखी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षी आपल्या देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले. त्यांत सर्व धर्मांच्या घरांतील मुले असणार. देव मानणाऱ्या घरांतीलही असणार. तेव्हा ‘आमच्या घरी प्रार्थना होते, आमच्या मुलांना काय भीती?’ असे म्हणून कोणालाही स्वस्थ बसता येणार नाही.

भरवसा कशाला म्हणू नये

शब्दाचा खरा अर्थ सांगण्यापूर्वी त्याला चिकटलेले तीन चुकीचे अर्थ बाजूला काढले पाहिजेत.

पहिला चुकीचा अर्थ सौद्याचा. मी रोज प्रार्थना करीन, देवाने मला गुण द्यावेत. मी उपवास करीन, देवाने बाबांचे दारू पिणे सोडवावे. मुलांच्या मनात हा हिशेब आपोआप तयार होतो आणि मोठी माणसे त्याला खतपाणी घालतात. मुलगी पहिली आली की आपण मंडळीत उभे राहून साक्ष देतो, ‘प्रार्थनेचे फळ मिळाले!’ उपकार मानणे चांगलेच. पण त्याच बाकावर बसलेल्या, नापास झालेल्या मुलाच्या मनात त्या वेळी काय चालले असेल? त्यानेही प्रार्थना केली होती. मग देवाने त्याला टाकले, असे त्याने समजावे काय? निकाल हा उत्तरपत्रिकेचा असतो. देवाच्या प्रीतीचा निकाल मंडळाच्या गुणपत्रिकेवर छापून येत नाही. हे वाक्य प्रत्येक ख्रिस्ती घरात मे महिन्यापूर्वी एकदा तरी मोठ्याने उच्चारले जावे.

दुसरा चुकीचा अर्थ ताइताचा. देवावर विश्वास असला की आपल्याला काही होणार नाही, अशी ही समजूत. तिला शास्त्रात आधार नाही. योसेफाची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये शिकवतो. पण तिच्यातील आकडे मुलांपुढे मांडत नाही. कथेच्या आरंभी तो सतरा वर्षांचा आहे, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या मुलाएवढा. भावांनी त्याला विकले, परक्या देशात खोट्या आरोपावरून तो तुरुंगात पडला, आणि फारो राजापुढे उभा राहिला तेव्हा त्याचे वय तीस होते. मधली तेरा वर्षे विश्वास ठेवूनही वाईटच गेली. कथेचा शेवट ठाऊक असल्यामुळे आपण ती तेरा वर्षे एका श्वासात वाचून टाकतो. योसेफाला मात्र ती एकेक दिवस करून काढावी लागली.

तिसरा चुकीचा अर्थ मुकाट्याचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत घातक आहे. जो खरा विश्वासू, तो रडत नाही, घाबरत नाही, तक्रार करीत नाही, अशी एक समजूत आपल्या घरांतून मुरली आहे. म्हणून मुलगा दुःख लपवतो; कारण ते बोलून दाखविले तर आपला विश्वास कमी ठरेल, अशी त्याला भीती वाटते. वास्तविक स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर आरंभापासून शेवटपर्यंत काळोखाचे आहे. त्यात अखेरीस उजेड पडत नाही. असे असूनही ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे ते प्रार्थना म्हणूनच आहे. आणि प्रभू येशूने स्वतः गेथशेमाने बागेत काय केले? आपला जीव अत्यंत खिन्न झाला आहे, हे त्याने शिष्यांना उघड सांगितले, आणि आपल्याबरोबर जागे राहण्याची त्यांना विनंती केली. ज्याचा देवबापावर पूर्ण भरवसा होता, त्यानेच मित्रांची सोबत मागितली. मग आपल्या मुलांनी ती मागण्यात कमीपणा कसला?

मग भरवसा म्हणजे काय?

भरवसा म्हणजे देवाला सोडून न जाता त्याच्याशी खरे बोलत राहणे, आणि आजच्या दिवसाला जे एक काम समोर आहे ते करणे. यापेक्षा सोपी व्याख्या आम्हांला सुचत नाही. यात दोन भाग आहेत, आणि दोन्ही लागतात. बोलणे आहे पण काम नाही, तर ती पळवाट होते. काम आहे पण बोलणे नाही, तर माणूस एकटा पडून थकतो.

या व्याख्येस दाखला हवा असेल तर योसेफाकडेच पुन्हा पाहावे. तुरुंगात तो हात जोडून बसून राहिला नाही. दिलेले काम त्याने नीट केले. आणि फारोचा प्यालेबरदार सुटून जाऊ लागला तेव्हा, ‘माझी आठवण ठेव, माझ्याबद्दल राजाला सांग,’ अशा अर्थाची गळ योसेफाने त्याला घातली. देवावर भरवसा होता, तरी माणसाची मदत मागायला तो लाजला नाही. तो मनुष्य दोन वर्षे त्याला विसरला, ही गोष्ट निराळी. मदत मागितली आणि ती लगेच मिळाली नाही, तर दुसऱ्यांदा मागावी, हेही मुलांनी त्यातून घ्यावे.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याची उदाहरणे थोडी नाहीत. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या हालांत गेले, तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या व त्यांचे बंधू श्रीनिवास हिंदुस्थानभर पायी फिरले. ख्रिस्ती धर्म त्यांनी पुढे १८८३ साली स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुलींचे हाल चालले आहेत हे कळताच त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. भूक म्हणजे काय हे सोळाव्या वर्षी ज्या मुलीने पाहिले होते, तीच ही बाई. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी या मुलींना प्रार्थना शिकविली, आणि तिच्याबरोबर विणकाम, शेती, दूधदुभते आणि छापखान्याचे कामही शिकविले. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर तेथल्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी जुळले. १९२१ च्या जुलैत रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्या दुःखातही भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. देवाशी बोलणे आणि समोरचे काम करणे या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या धारमध्येही याच सुमारास असेच काही घडत होते. कॅनडातील प्रेसबिटेरियन मंडळीने १८७७ साली इंदूर येथे कामास आरंभ केला होता आणि १८९५ च्या सुमारास धारला ठाणे घातले. १८९१ साली हिंदुस्थानात आलेल्या डॉ. मार्गारेट ओहारा या बाईंनी येथे स्त्रियांचा दवाखाना चालविला आणि आयुष्याची बहुतेक उमेदीची वर्षे याच कामात घालविली. माळव्यात दुष्काळ पडत नाही, असा लोकांचा पिढ्यान्पिढ्यांचा समज होता. १८९९-१९०० च्या छपन्याच्या दुष्काळाने तो खोटा ठरविला. आईबाप गमावलेली मुले माळव्यातील मिशनच्या ठाण्यांवर गोळा झाली. त्यांत तान्ही होती, तशी जाणत्या वयाचीही होती. या मुलांना ‘भरवसा ठेवा’ असे कोणी नुसते सांगितले असते तर त्याचा काय उपयोग झाला असता? त्यांना आधी भाकरी मिळाली, अंगाला कपडा मिळाला, पाटी मिळाली, आजारपणात उशाशी बसणारे माणूस मिळाले. माणसावर भरवसा टाकता येतो हे त्यांनी पाहिले, आणि मग देवावर टाकता आला. येथील जुन्या मंडळ्यांचा पाया घालण्यात या अनाथ मुलांचा वाटा मोठा आहे, हे आपण विसरू नये.

देवासची एक साक्ष

भरवसा हा ताईत नव्हे, असे वर म्हटले. त्याची साक्ष देवास जिल्ह्यातच आहे, आणि ती अलीकडची आहे. केरळात १९५४ साली जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी १९९२ साली आपल्या जिल्ह्यातील उदयनगरला आल्या. गरीब शेतकरी आणि आदिवासी यांना सावकारी पाशातून सोडवावे, त्यांना बँकेचे कर्ज व सरकारी योजना मिळवून द्याव्यात, बायकांचे बचतगट उभारावेत, हे त्यांचे काम होते. त्यामुळे काहींचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरला निघाल्या असता नाचनबोर टेकडीजवळ एका भाडोत्री तरुणाने त्यांचा सुऱ्याने खून केला. त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या.

त्यांचा देवावर भरवसा नव्हता काय? होता. तरी सुरा अडला नाही. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. परंतु पुढची हकीकतही सांगावी. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल याही धर्मभगिनी. बहिणीचा घात करणाऱ्या त्या तरुणाला त्या तुरुंगात जाऊन भेटल्या आणि २००२ साली त्यांनी त्याच्या हातावर राखी बांधली. म्हाताऱ्या आईनेही त्याला क्षमा केली. त्याची सुटका व्हावी म्हणून कुटुंबानेच विनंती केली, आणि २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे रोमन कॅथलिक मंडळीने सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्य’ म्हणून जाहीर केले.

यातील सनांकडे मुलांचे लक्ष वेधावेसे वाटते. खून १९९५ सालचा आणि राखी २००२ सालची. मधे सात वर्षे गेली. क्षमा ही मोठी गोष्ट एका रात्रीत घडावी, अशी अपेक्षा देव करीत नाही. वर्गातील एखाद्या मुलाने तुमचा अपमान केला आणि आठ दिवसांनीही तुमच्या मनातील राग गेला नाही, तर ‘मी वाईट ख्रिस्ती आहे’ असे समजून खचून जाऊ नका. रागही देवापुढे बोलून दाखवता येतो. त्या रागाने हातून वावगे काही होऊ दिले नाही, एवढे आजच्या दिवसाला पुरे.

भरवसा वाढविण्याचे काही उपाय

आता मुलांशी थेट बोलतो. मुलांनो, पुढील गोष्टी आम्हांला उपयोगी वाटतात. तुम्ही त्या करून पाहा.

पहिली गोष्ट, प्रार्थना आपल्या बोलीत करा. पाठ केलेल्या जड शब्दांची देवाला गरज नाही. तुमच्या मराठीत हिंदी मिसळत असेल तर मिसळू द्या. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन मागे टाकले नाही. त्याच वळणाने त्यांनी ख्रिस्ताची गीते रचली आणि ती आज मराठी घराघरांत गाइली जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना शाळा मिळाली नव्हती, पण त्यांच्या साध्या बोलीतल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेला मराठी साहित्यात मानाचे पान मिळाले. खरे बोलायला भारी भाषा लागत नाही, हे या दांपत्याने दाखविले आहे.

दुसरी गोष्ट, अडचणीला नाव द्या. ‘मला कसेतरी होते’ असे म्हणून थांबू नका. एका वहीत लिहा: गणिताची भीती वाटते, किंवा, खोलीतला सोबती माझे पैसे परत देत नाही, किंवा, घरी भांडण चालू असले की वाचलेले डोक्यात जात नाही. नाव दिलेली अडचण निम्मी आटोक्यात येते. आणि तिच्यासाठी काय मागायचे हे प्रार्थनेतही कळते, माणसाजवळही कळते.

तिसरी गोष्ट, एक विश्वासाचे मोठे माणूस धरून ठेवा. ते आईवडीलच असले पाहिजेत असे नाही. मामा, मावशी, पाळकसाहेब, संडे स्कूलच्या बाई, शाळेतील सर, कोणीही चालेल. फार मोठे संकट येईपर्यंत थांबू नका; किरकोळ गोष्टीही त्यांना सांगत जा, म्हणजे मोठी गोष्ट सांगायची वेळ आली तर वाट मळलेली असेल. मात्र एखादे मोठे माणूस ‘ही गोष्ट कोणाला सांगू नकोस’ असे बजावून तुम्हांला नको असलेले काही करू पाहील, तर ती गोष्ट त्याच दिवशी दुसऱ्या कोणाला तरी सांगा. देवाच्या नावाने गप्प बसविणाऱ्यावर भरवसा ठेवण्याची आज्ञा देवाने कोणाला दिलेली नाही.

चौथी गोष्ट, शरीराची हेळसांड करू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही. भाकरी आणि पाणी दिले, आणि झोपू दिले. परीक्षेच्या दिवसांत ज्याला सर्व काळोख दिसतो, त्याने आपण काल किती तास झोपलो आणि आज काय खाल्ले, हे आधी पाहावे.

पाचवी गोष्ट, आपण नापास झालो तर वाट संपली असे मानू नका. मध्यप्रदेशच्या मंडळाने २०२५ सालापासून दहावी आणि बारावीसाठी त्याच वर्षी दुसऱ्या परीक्षेची सोय केली. एक वर्ष गेले तरी ते वर्षच गेले. योसेफाची तेरा गेली होती.

आणि शेवटची गोष्ट. जगणे नको, असा विचार मनात येऊ लागला, तर ते पाप झाले की काय याचा काथ्याकूट करीत एकटे बसू नका. तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. त्याच क्षणी घरात कोणाला तरी उठवा. घरात सांगता येत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा २०२२ सालापासून सुरू आहे; ती विनामूल्य असून दिवसरात्र चालते. अठरा वर्षांखालील मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाणारा मनुष्य अविश्वासू ठरत नाही. मनाच्या दुखण्यासाठी जाणाराही ठरत नाही. ज्या मिशनने धारला देऊळ दिले, त्याच मिशनने दवाखानाही दिला, हे लक्षात ठेवा.

वडीलधाऱ्यांस विनंती

शमुवेल मंदिरात झोपला असता देवाने त्याला हाक मारली. पोराला वाटले, एलीने हाक मारली. तो धावत म्हाताऱ्याकडे गेला. एकदा नव्हे, तीनदा. रात्रीची वेळ, एली वयाने थकलेला, डोळ्यांनी अधू. तरी तो मुलावर खेकसला नाही. तिसऱ्या खेपेस त्याच्या ध्यानात आले की या मुलाला देव हाक मारीत आहे, आणि काय उत्तर द्यावे हे त्याने मुलाला शिकविले. पहिल्याच खेपेस त्याने मुलाला दरडावून परत पाठविले असते, तर शमुवेल तिसऱ्यांदा उठून आला असता काय?

आपली मुलेही अवेळीच येतात. आपण दमलेलो असतो, बातम्या लागलेल्या असतात, उद्याच्या कामाची घाई असते. अशा वेळी ‘भरवसा ठेव आणि झोप’ असे न म्हणता ‘बस, सांग’ असे म्हणावे. उत्तर ठाऊक नसेल तर ‘मलाही ठाऊक नाही, पण मी तुझ्याबरोबर आहे’ असे म्हणण्यात कोणाचाही मान जात नाही. तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ पौलाने त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात शोधले. त्या दोघींनी कोठे प्रवचने केल्याची नोंद नाही. त्या घरात होत्या आणि मुलाने त्यांना रोज पाहिले, एवढेच आपल्याला कळते. आपणही आपल्या अडचणींत कसे वागलो हे मुलांना दिसू द्यावे. नोकरी गेली तेव्हा बाबा घाबरले, पण लबाडीला गेले नाहीत. काका चुकले तेव्हा त्यांनी मुलांसमोर माफी मागितली. असे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही.

संस्थेच्या सभासदांसही एक शब्द सांगावासा वाटतो. विद्यार्थ्याला मदतीचा धनादेश देताना त्याची गुणपत्रिका आपण पाहतो. त्याबरोबर त्याच्या जवळ बसून दहा मिनिटे चौकशीही करावी. पहिल्या आलेल्यांचा सत्कार करतो. दुसऱ्या परीक्षेत पास झालेल्यांनाही त्याच व्यासपीठावर बोलवावे. इंदुरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांकडे महिन्यातून एकदा कोणी तरी घरचा डबा घेऊन जावे. शिकवणीमुळे ज्यांची रविवारची उपासना चुकते, त्यांच्यासाठी संध्याकाळी एखाद्या घरी मराठी प्रार्थना ठेवावी; तेथे गाणे व्हावे, चहा व्हावा, आणि मुलांना बोलू द्यावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. सवड लागते.

आपल्या भाषेत संस्थेचा कारभार पाहणाऱ्यास ‘विश्वस्त’ म्हणतात. ज्याच्यावर विश्वास टाकता येतो, तो विश्वस्त. हा शब्द केवळ कागदोपत्री सही करणाऱ्यापुरता ठेवू नये. धार-देवासच्या प्रत्येक ख्रिस्ती घरात मुलांना असा निदान एक विश्वस्त लाभावा, आणि त्याचा हात धरून त्यांनी देवाचा हात धरायला शिकावे, अशी या मंगल प्रसंगी त्या परमेश्वराजवळ आमची प्रार्थना आहे.